पुंजाजीची पंगत

सहाच्या सहा पिंपं गप्प झाली होती.

दारूसाठी भिजवलेल्या मोहफुलांचा सडवा जिवंत असला की आवाज करतो, चुलीवर मोठ्या हंड्यात भात रटरटावा तसा. आमच्या भट्टीतली सागवानी पिंपं पुरुषभर उंच होती. सहाही एकदम बोलायला लागली की शेजारी उभ्या बाईचं बोलणं ऐकू येत नसे. त्या सकाळी मात्र वरच्या पत्र्यावर कावळा चालत होता त्याची नखं ऐकू येत होती. आणि वास सुटला होता, सडक्या अंड्याचा. फुलं निवडणाऱ्या आम्ही दहा बाया नाकाला पदर लावून दाराशी उभ्या होतो. नागपूरहून आलेले केमिस्ट साहेब शिडीवर चढून पिंपात बघत होते. घामाने त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता.

खाली पुंजाजी मामा पितळी लोटा घेऊन फिरत होते. लोट्याचं तोंड पिंपाला आणि बुडाला स्वतःचा कान. एकपासून सहापर्यंत गेले, सहापासून एकपर्यंत परत आले. मग लोटा खाली ठेवला आणि म्हणाले,

"मेले नाईत. उपाशी हाईत."

"मग खायला घाला ना त्यांना!" साहेब शिडीवरून ओरडले. "ते दुसरं पोतं फोडा. सगळं टाका."

दुसरं पोतं भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. पुंजाजी मामा त्याच्याकडे गेले, ते आडवं पाडलं, धोतर सावरलं आणि त्यावर मांडी घालून बसले.

"नाई," ते म्हणाले.

साहेब शिडीवरून उतरले. "नाही म्हणजे?"

"नाई म्हंजे नाई. उपाश्याले पोटभर देत नसतात, साहेब."

बाया हसल्या. मीही हसले. पोत्यावर मांडी घालून बसलेला म्हातारा पाहून कुणीही हसेल. पण साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "आज गुरुवार. सोमवारी अबकारी दरोगा मोजणीला येतोय. सहा पिंपं वाया गेली तर मी शेठजींना लिहीन की तुम्ही मला काम करू दिलं नाही. मग ही खोलीही सोडावी लागेल तुम्हाला."

खोली म्हणजे पिंपांच्या पडवीला लागून असलेली पत्र्याची जागा. त्यात पुंजाजी मामांची खाट, एक ट्रंक आणि एक माठ. बावीस वर्षं ते तिथे राहत होते. जगात दुसरीकडे त्यांचं काही नव्हतं.

"लिवा," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

हा माणूस कोण हे सांगितल्याशिवाय पोत्याची गोष्ट पुढे जाणार नाही.

आमची, म्हणजे शेठजींची, भट्टी खामगावच्या बाहेर, चिखलीच्या रस्त्याला होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि सरकारच्या परवान्याशिवाय दारूचा थेंब गाळता येत नसे. सातपुड्याकडून मोहफुलांच्या बैलगाड्या येत. आम्ही बाया त्यातले खडे, काड्या, किडकी फुलं निवडून टाकत असू. चांगली फुलं पाण्यात भिजवून पिंपात जात. तिथे खमीर घातलं की चार-पाच दिवसांत त्याचा सडवा होई. तो मग पुढे भट्टीवर चढे. भट्टीवर आग लावणारे चौघे होते, पण पिंपं एकट्या पुंजाजी मामांची.

माणूस काटकुळा. अंगावर मांस एका माणसाचं निम्मं, नाक मात्र दोन माणसांचं. त्या नाकाचा आम्हा बायांना फार ताप होता. कुणाच्या घरावरून गेले की आत न येता बाहेरूनच सांगायचे, "यमुने, तुह्या आंबिलीचं पोट बिघडलं व." आत जाऊन पाहावं तर आंबील खरंच बिघडलेली असे. एकदा मला राग आला. मी म्हटलं, "मामा, माणसाचं काय बिघडलंय ते सांगत जा ना कधी."

"मानसाले तोंड हाय. थे सांगते," ते म्हणाले. "ज्याले तोंड नाई त्याचं कोनी ऐकाव?"

खमिराला ते खमीर म्हणत नसत. मंडळी म्हणत. सकाळी पडवीत शिरताना पहिला प्रश्न, "मंडळी जेवली का?" त्याचं उत्तर द्यायला तिथे कुणी नसे, तरी ते थांबत. मग लोटा लावून एकेका पिंपाचं उत्तर ऐकत. तिसऱ्या पिंपाला ते जावई म्हणत, कारण ते उशिरा उठे आणि जास्त खाई. पाचव्याला म्हणत गरीब गाय. बाहेरचा माणूस आला की आम्ही त्याला मुद्दाम पडवीत घेऊन जात असू. फुकटचा तमाशा.

पण त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते त्यांनी मला एकदा पंगतीच्या भाषेत समजावलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

मोहाच्या फुलात साखर भरपूर. साखर म्हणजे भात. पण नुसत्या भातावर कोण जगतं? वरण लागतं. मोहात वरण जवळजवळ नाहीच. वरण नसलं की मंडळी काम करत नाहीत आणि फार उपाशी राहिली की सडक्या अंड्याचा वास सोडतात. तेव्हा वरण आपण वाढायचं. पुंजाजी मामांचं वरण दोन तऱ्हेचं. एक नवसागर, कल्हईवाला वापरतो तोच. दुसरं हरभऱ्याच्या चुणीचं पाणी, जी चुणी आपण ढोरांना घालतो.

"नवसागर म्हंजे तूप-पोळी," ते म्हणाले. "चुनी म्हंजे भाकर. तूप-पोळी पुढं असली का मंडळी भाकरीले हात लावत नाई. चाऊन खावं लागते ना! पोळी सरली, पान रिकामं झालं, का मंग तीच भाकर गोड लागते."

"मग दोन्ही एकदम दिलं तर?"

"तर पोळी खातीन, पोरं काढतीन, घर भरतीन. दोन दिवसानं पाहावं तं खानारे हजार आन पोळी खतम. भाकर चावाची तं सवय नाई. बसले बोंबलत."

म्हणून ते आधी चिमूटभर नवसागर टाकत, मंडळींना उठवण्यापुरता. तो संपला हे लोट्याने ऐकून मग चुणीचं पाणी. मग पुन्हा थोडा नवसागर. आणि सडवा अर्ध्यावर आला की काही नाही.

"काऊन?" मी विचारलं.

"तवापर्यंत पिपात दारू झालेली असते. दारू चढलेल्या मानसाले जेवन सुचते का? तुह्या नवऱ्यालेच इचार."

माझ्या नवऱ्याला विचारायची गरज नव्हती. मला माहीत होतं.

वाढायची घाई त्यांना सहन होत नसे. "घाईनं वाढलं का आंगी लागत नाई," हे वाक्य दिवसातून दहा वेळा. आणि ते पिंपांपुरतं ठेवते तर बरं होतं. माझ्या पुतणीचं लग्न अमडापूरला होतं. मामांना बोलावलं. दिवसभर माठ सोडून यायला ते तयार नव्हते, कारण त्या माठात मूळ खमीर असे. विरजणाला जसं जुनं दही जपून ठेवतात तसं त्यांनी ते बावीस वर्षं जपलं होतं. शेवटी त्या माठातलं लोटाभर काढून, वर फडकं बांधून, तो लोटा मांडीवर घेऊन ते मोटारीने आले. मांडवात मुलाकडची माणसं त्या लोट्याकडे बघायला लागली. वास येत होताच. मुलाचा मामा माझ्या दिराला म्हणाला, "पाव्हने घरून घिऊन आले वाट्टे!"

पुंजाजी मामा म्हणाले, "पेयाची नाई जी. ह्ये माह्यासंग जेवाले आलेत."

आणि त्यांनी पानातल्या वरणाचं पाणी बोटाने दोन थेंब लोट्यात सोडलं. आता त्या माणसाला काय सांगायचं?

तेवढ्यावर भागलं असतं. पण वाढपी कमी पडले आणि कुणीतरी मामांच्या हातात बुंदीची परात दिली. मामांनी प्रत्येक पानावर मोजून इतकी इतकी बुंदी टाकली, चिमणीला टाकतात तशी. आणि पुढे गेले. मुलाच्या बापाला वाटलं आपला अपमान झाला. तो पानावरून अर्धा उठला. "आमी भिकारी हाओ का बे?"

"येतो ना मी परत," मामा म्हणाले. "तुमी आधी थे खा. पोट काय म्हन्ते थे पाहा. मंग आनखी."

लग्न मोडता मोडता राहिलं. माझ्या दिराने परात हिसकावून घेतली आणि ढीग ढीग बुंदी वाढली, तेव्हा पाव्हणे खाली बसले. त्यानंतर आमच्या जातीत मामांना कुणी वाढायला उभं केलं नाही. ते स्वतः मात्र सगळ्यांत शेवटच्या पंगतीला बसत. आणि जेवताना इतरांच्या पानाकडे बघत राहत. लोकांना ते आवडत नसे. मलाही आवडत नसे.

ते दारू पीत नसत. मोजणीला येणारा अबकारी दरोगा दर वेळी भांडं भरून घेई आणि त्यांना आग्रह करी. "पुंजाजी, तुम्हारे हाथ का माल है, थोडा चख तो लो." पहिल्यांदा मामा नुसतं हात जोडत. एकदा दरोगा फारच मागे लागला. तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, मंडळी गोड खाते आन मंग जे टाकते थे हे. ज्याले मी चारतो त्याचं मूत मी काऊन पिऊ?"

दरोग्याने भांडं खाली ठेवलं. बिचारा त्या दिवशी मोजणी करून तसाच कोरडा गेला.

असा हा माणूस. आणि याच्यावर शेठजींनी नागपूरचा केमिस्ट आणून बसवला.

साहेब वाईट नव्हते. पंचविशीचे असतील. दोन वह्या, एक काचेची नळी आणि फार घाई घेऊन आले. त्यांनी पिंपं पाहिली, मामांचा नवसागर आणि चुणी पाहिली आणि हसले. पण चांगलं हसले, चेष्टेने नाही. म्हणाले, "तुम्ही देता ते बरोबरच आहे, आजोबा. याला नायट्रोजन म्हणतात. पण चिमटीचिमटीने कशाला? यांना पुरेसं एकदम मिळालं तर पाच दिवसांचं काम तीन दिवसांत होईल." आणि त्यांनी शेगाव स्टेशनवर दोन पोती उतरवून घेतली. पांढरं, साखरेसारखं, नाकाला झोंबणारं विलायती मीठ. सल्फेट म्हणत होते. नवसागराचाच भाऊ.

"म्हंजे निस्ती पोळी," मामा म्हणाले.

"हो, पोळीच. भरपूर पोळी."

"आन वैशाख चालू हाय."

"त्याचं काय?"

"खाल्लं का आंग तापते, साहेब. मानसाचंबी आन मंडळीचंबी."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं नाही. सोमवारी सहा नवीन पिंपं भरली आणि एक अख्खं पोतं सहांत वाटून टाकलं. मंगळवारी काय ती पिंपं उसळली! फेस कडेवरून खाली आला. पडवीत घोट्याएवढा फेस. साहेब आनंदाने चपला हातात घेऊन फिरत होते. बायांना एकेक आणा बक्षीस दिला. मी घेतला. मामा मात्र पिंपाला हात लावून बघत होते, तापलेल्या लेकराच्या पोटाला लावावा तसा. "लय गरम झाले व, यमुने," एवढंच मला म्हणाले. बुधवारी आवाज बसला. गुरुवारी सकाळी सहाच्या सहा पिंपं गप्प आणि तो वास.

आणि मामा पोत्यावर.

दुपारी मी त्यांच्यासाठी भाकर आणि कांदा घेऊन गेले. ते तसेच बसलेले. साहेब समोर स्टुलावर. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

"मामा, अंडे उबवून राह्यले का?" मी विचारलं.

"ठेव तथी," ते म्हणाले.

"साहेब चांगल्यासाठीच सांगतात ना. भूक लागली तर खायला द्यावं. यात चूक काय?"

"चूक काहीच नाई," मामा म्हणाले. "आता त्यायच्यात तोंड उघडाचीबी ताकद नाई. आर्धी दारू झाली हाय, आंग भाजलं हाय. या पोत्यातलं एक मूठ त्यायले पचनार नाई. तसंच राहीन पानात आन सडीन."

साहेब म्हणाले, "हे तुम्ही कशावरून सांगता? माझ्या पुस्तकात असं नाही."

"पुस्तक उपाशी राह्यलं हाय का कधी?"

साहेबांनी चष्मा वर सरकवला. मग, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे, ते म्हणाले, "बरं. आपण करून बघू. चार पिंपं तुमची, दोन माझी. माझ्या दोनांत मी पोत्यातलं घालतो. तुमच्या चारांत तुम्ही हवं ते करा. सोमवारी दरोगा मोजेल. तुमची चार उठली नाहीत तर पत्र जाईल."

मामांना ते मान्य करायला फार वेळ लागला. मी वाट बघून कंटाळले. शेवटी मामांनी विचारलं, "दोन कोनते घेता?"

"पाच आणि सहा."

"पाच नका घेऊ. गरीब हाय थे."

साहेब पाचव्याकडे बघून म्हणाले, "बरं. तीन आणि सहा."

मामा पोत्यावरून उठले. साहेब पोतं फोडत होते तेव्हा ते पडवीच्या बाहेर जाऊन उभे राहिले. तिसऱ्या पिंपात मीठ पडल्याचा आवाज आला तशी त्यांनी मान खाली घातली. जावई गेला म्हणून मी गंमत करणार होते, पण केली नाही.

मग कामाला लागले. आम्हा बायांना विहिरीवर पिटाळलं. गोणपाटं भिजवून चार पिंपांना गुंडाळायची आणि वाळली की पुन्हा भिजवायची. मोहाचा गाडा तसाच पडून राहिला. मामांनी आपल्या माठातलं मूळ खमीर एका घंगाळात काढलं, त्यात ताजा मोहाचा रस, कोमट पाणी आणि चुणीच्या पाण्याचे चार थेंब. ते बोलायला लागेपर्यंत थांबले. मग गप्प पिंपातला एक लोटा सडवा त्या घंगाळात ओतला. मला वाटलं उलटं झालं.

"मामा, घंगाळ पिंपात ओतायचं ना?"

"आर्धमेल्याच्या घरी जिता मानूस टाकला तं थोबी जाते, वं. जित्याच्या घरी आर्धमेला पाव्हना आनाचा. येक येक. आधी येक जेवू दे."

एक लोटा. मग थांबायचं, कान लावायचा. घंगाळ गप्प व्हायचं, मग हळूहळू पुन्हा बोलायला लागायचं. मग दोन लोटे. मग चार. घंगाळ भरलं की मोठा रांजण. रांजण भरला की आणखी एक रांजण. आणि दर वेळी चुणीचं पाणी, थेंबांनी. मी आयुष्यात पुष्कळ म्हातारे बघितले, पण इतका सावकाश माणूस पाहिला नाही. शुक्रवारी दुपारी साहेब घड्याळ काढून म्हणाले, "असं केलंत तर सोमवार काय, दिवाळी येईल."

"मंग दिवाळीले जेवतीन," मामा म्हणाले आणि पाचवा लोटा न ओतता बाजूला ठेवला, कारण चौथा अजून गळ्याखाली उतरला नव्हता.

संध्याकाळी मी घरी जात असे आणि सकाळी येई. ते प्रत्येक सकाळी त्याच जागी असत, तीच बंडी अंगात. भाकर मी ठेवलेली तशीच. शनिवारी मी ओरडले. "मंडळीच्या मागं स्वतः मरता का? खा ती भाकर." त्यांनी चतकोर खाल्ली. बाकीची मला परत दिली.

साहेबांच्या दोन पिंपांना शुक्रवारी पुन्हा मूठभर घालून झालं होतं. साहेब शिडीवर चढत, काचेची नळी सोडत, बघत, उतरत. शनिवारी ते चढायचे बंद झाले. त्याऐवजी ते मामांच्या रांजणाजवळ येऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी लोटा उचलला आणि रांजणाला कान लावला.

"मला काही ऐकू येत नाही."

"उलटा धरला तुमी," मामा म्हणाले.

रविवारी सकाळी रांजणांतलं खमीर एक, दोन, चार, पाच या पिंपांत परत गेलं. मामा लोटा घेऊन पहिल्याशी उभे, साहेब दुसऱ्याशी, मी चौथ्याशी, कारण मी जवळ होते. ऊन वर आलं. गोणपाटांतून पाणी टिपकत होतं. मला काही अपेक्षा नव्हती, खरं सांगते. मी घरच्या कामाचा विचार करत होते.

साहेब एकदम किंचाळले, "बोललं!"

"हळू," मामा म्हणाले. "घाबरतीन."

दुपारपर्यंत चारही बोलत होती. मंगळवारसारखी उसळी नाही, पण भात शिजतो तशी. वास गेला. तीन आणि सहा तशीच राहिली, गप्प. सोमवारी दरोगा आला, नळी सोडून मोजलं, चार पास झाली. दोन नालीत सोडून द्यावी लागली. साहेबांनी दरोग्याच्या वहीत त्या दोनांपुढे स्वतःचं नाव लिहिलं, सही केली. हे मी पाहिलं, म्हणून सांगते. शेठजींना पत्र गेलं नाही. खोली राहिली.

दरोगा गेल्यावर साहेब कोरी वही घेऊन मामांच्या खाटेवर येऊन बसले. मामा खाली बसून चुणी चाळत होते. मी दारात सुपात फुलं घेऊन बसले होते.

"किती थांबायचं, पहिल्यांदा किती द्यायचं, मग किती वाढवायचं, सगळं सांगा," साहेब म्हणाले. "मी लिहून घेतो. आणि हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"छप्पनच्या दुकाळात शिकलो," मामा म्हणाले. म्हणजे संवत छप्पनचा, इंग्रजी सन एकोणीसशेचा.

नवसागराबद्दल सांगत असत त्याच आवाजात त्यांनी सांगितलं. हात चाळणीवरच होते. ते मूळचे देऊळगाव राजाकडचे. दहा वर्षांचे असतील. बाप आधीच गेला होता. आई, ते, एक बहीण आणि सगळ्यांत धाकटा भाऊ असे चौघं चालत चालत अन्नछत्रापर्यंत पोचले. तिथे एक म्हातारी ज्वारीची पातळ पेज वाढत होती. वाटीभर देई आणि पुढची वाटी बऱ्याच वेळाने. मागितली तरी देत नसे.

"मले वाटलं, कंजूस हाय. लय शिव्या देल्या म्या तिले. मंग रांधनाऱ्याच्या पालात शिरलो. त्यायच्या जेवनाच्या भाकरी होत्या. चार उचलल्या."

साहेबांची पेन्सिल चालायची थांबली.

"माय म्हने, तू खाल्ली का रे? म्या म्हनलं, खाल्ली. खाल्ली नोती. मले वाटलं, त्यायले पुरतीन का नाई, म्हनून साऱ्या त्यायलेच देऊन टाकल्या. लय खुशीनं जेवले तिघंबी. भावानं तं पदरातला चुराबी खाल्ला."

ते चाळणी हलवत राहिले. मी विचारलं, "मग?"

मग उपाशी पोटांना ती भाकर पचली नाही; भाऊ त्याच संध्याकाळी गेला. बहीण दुसऱ्या दिवशी. आईने तिसरा दिवस काढला. चौघं तिथे पोचले होते. त्यातला पुंजाजी जगला.